बंद स्टेशनचे मालक

परवा पेपरात पुन्हा ती बातमी आली. आमच्या जुन्या भागातलं बंद पडलेलं स्टेशन दुरुस्त करून तिथून पॅसेंजर सुरू करायचा विचार आहे, त्यासाठी लवकरच पाहणी होणार आहे. मी चहा घेता घेता वाचली आणि पेपर घडी करून ठेवला. ही बातमी मी आयुष्यात इतक्या वेळा वाचली आहे, की ती आतल्या कुठल्या पानावर, कुठल्या जाहिरातीखाली असणार हेही मला आता पाठ झालंय. मी हल्ली मारुंजीला मुलाकडे राहतो. मुलगा म्हणाला, बाबा, तुमचंच स्टेशन ना हे? मी नुसती मान हलवली.

स्टेशनचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर एखादा उत्साही माणूस निवेदन घेऊन निघेल, आणि निवेदन घेऊन निघालेल्या माणसांची मला आता धास्ती वाटते. त्यातले एक मी बावीस वर्षं जवळून पाहिले. ते माझे घरमालक. आम्ही भाडेकरू त्यांना मालक म्हणायचो आणि गावातले लोक पाठीमागे येडा मालक म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची हिंमत नव्हती असं नाही, पण म्हणून उपयोग नव्हता. ते ऐकूनच घ्यायचे नाहीत.

स्टेशन तरी काय, मेन लाइनवरून एक फाटा फुटून एका मोठ्या कारखान्यापर्यंत गेला होता. त्या फाट्यावर कारखान्याच्या अलीकडे एक फलाट, एक पत्र्याची शेड, तिकिटाची खिडकी आणि एक कडुलिंब. सकाळी सव्वासातला गाडी कामगारांना घेऊन यायची आणि संध्याकाळी पाच चाळीसला घेऊन जायची. मग कंपनीने बस लावल्या, पुढे कंपनीच चाकणच्या बाजूला गेली आणि गाडी बंद झाली. मी परभणी जिल्ह्यातून नोकरीसाठी इकडे आलो तेव्हा ती बंद होऊन चार-पाच वर्षं झाली होती. रुळांच्या मधोमध बाभळी चांगल्या कमरेएवढ्या वाढल्या होत्या. गाडी बंद झाली आहे हे मालकांना सोडून सगळ्यांना माहीत होतं.

त्यांच्या चौदा खोल्या होत्या, फलाटाला अगदी लागून. दारावर पाटी होती, 'स्टेशनसमोर खोल्या भाड्याने मिळतील'. मी खोली मागायला गेलो तेव्हा त्यांनी कुठल्या कंपनीत आहात, पगार किती, लग्न झालंय का, यातलं काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की गावाहून गाडीनं आलात का यष्टीनं? मी खरं ते सांगितलं, यष्टीनं. त्यांचा चेहरा पडला. खोली मिळाली, पण संडासाशेजारची. पुढे कळलं, रेल्वेनं आलेल्याला ते पुढची खोली द्यायचे. सहा नंबरवाला चिपळूणचा होता, रेल्वेनं आलेला, त्याच्या दारात सकाळी ऊन यायचं. मला दोन वर्षांनी बढती मिळाली तेव्हा मी नऊ नंबरात गेलो. म्हणजे बढती कंपनीतली नव्हे, मालकांची.

पाणी ते सव्वासातला सोडायचे. घड्याळ बघायचे नाहीत. फलाटाच्या टोकाला जाऊन उभे राहायचे, थोडं थांबायचे, मग परत येताना "सव्वासातची गेली" असं पुटपुटत व्हॉल्व्ह फिरवायचे. माझी पहिली पाळी सातची असायची, म्हणजे पाणी यायच्या आधीच मला घर सोडावं लागे. मी एकदा म्हटलं, मालक, तासभर आधी सोडलं तर बरं होईल. ते म्हणाले, "गाडी येळंआधी कशी सोडायची?" रविवारी कामगार गाडी नसायची, म्हणून रविवारी पाणी नऊला. चौदा बिऱ्हाडं रिकाम्या बादल्या घेऊन बसायची, आणि मालकीणबाई कधी कधी पदराआड हात नेऊन हळूच व्हॉल्व्ह थोडा फिरवून ठेवायच्या. आम्ही सगळे मिळून तो आवाज न झाल्यासारखं दाखवायचो.

रोज पहाटे ते फलाट झाडायचे. बाटल्या, पुड्या, कुणीकुणी टाकलेला कचरा, सगळं गोणीत भरून लांब नेऊन टाकायचे. फलाटावर पापड वाळत घातलेले चालायचे, पोरांचं क्रिकेट चालायचं, एक टेम्पोवाला रात्रीचा टेम्पो तिथेच लावायचा तेही चालायचं. फक्त गाडीच्या वेळेला फलाट मोकळा पाहिजे. सात वाजून दहा मिनिटांनी ते टेम्पोच्या काचेवर टकटक करत. टेम्पोवाला बिदरकडचा, तापट माणूस, पण मालकांपुढे त्याचं काही चाललं नाही. तो डोळे चोळत टेम्पो खाली उतरवायचा, वीस मिनिटं रस्त्यात उभा करायचा आणि परत वर घ्यायचा. मी त्याला एकदा विचारलं, कशासाठी ऐकतोस? तो म्हणाला, "भावा, भांडून अर्धा तास जातो, काढून वीस मिनिटं जातात." आम्ही सगळे असंच करत होतो. मालकांचं ऐकणं हे त्यांना समजावण्यापेक्षा कमी दमवणारं होतं.

बसमध्ये ते बसत नसत. बस त्यांच्या दारात थांबायची, तरी आकुर्डीपर्यंत चालत जाऊन लोकलनं पुण्याला जायचे. चाकणला भाचीचं लग्न होतं. चाकणला रेल्वे नाही. घरचे सगळे जीप करून गेले, हे पहाटे उठून चालत निघाले आणि पंगती उठल्यावर पोचले. भाची पाया पडली आणि रडली म्हणे, मामा यायचाच नाही असं तिला वाटलं होतं. मी त्यांना म्हटलं, एक दिवस बसलात बसमध्ये तर काय बिघडतं? त्यांनी तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाले, "बशीत बसलं की त्यांचं खरं व्हतं." त्यांचं म्हणजे कुणाचं, हे मला पुढे समजलं.

त्यांच्या वडिलांना गावात आबा म्हणत. या पट्ट्यात कंपन्या यायला लागल्या त्या काळात आबांनी स्वतःची जमीन स्टेशनसाठी फुकट लिहून दिली होती. अट एकच घातली, की इथे माणसांची गाडी थांबली पाहिजे. गावातली माणसं चिंचवडपर्यंत चालत जातात, ती जाऊ नयेत, एवढाच विचार. आजूबाजूच्यांनी आपापल्या जमिनी पुढे कंपन्यांना विकल्या. त्यांचे बंगले झाले, दारात काळ्या काचांच्या गाड्या आल्या. आणि गाडी बंद पडल्यावर गावाला आबांची आठवण नव्यानं झाली. लग्नाकार्यात कुणीतरी हमखास म्हणायचं, ह्यांच्या आबानं रेल्वेला हुंडा दिला आणि नवऱ्यानं नांदवायला नकार दिला. सगळे हसायचे. मालक ताटावरून उठायचे नाहीत, पण पुढचा घास घ्यायचे नाहीत. मी एका लग्नात त्यांच्या शेजारीच होतो. आबा येडा नव्हता हे त्यांना जगाला दाखवायचं होतं, आणि ते दाखवायचा एकच मार्ग त्यांना माहीत होता. गाडी परत आली पाहिजे.

म्हणून निवेदनं. मी कंपनीच्या टाइम ऑफिसात होतो, अक्षर बरं होतं, म्हणून लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं ते कायमचं. खासदार झाले, आमदार झाले, नगरसेवक तर कितीतरी. प्रत्येक निवडणुकीच्या आधी कुणीतरी फलाटावर येऊन नारळ फोडायचं. मालक झाडून घेतलेल्या जागेवर सतरंजी घालायचे. मी मागे उभा राहून निवेदनाची प्रत धरायचो, कारण फोटोत प्रत दिसावी लागते. नंतर खोबऱ्याचे तुकडे चौदा खोल्यांत वाटले जायचे आणि विषय संपायचा.

एकदा मात्र खरोखर काहीतरी रुळावरून आलं. तपासणीची ढकलट्रॉली. दोन गँगमन ढकलत होते, वर एक साहेब छत्री घेऊन बसला होता. बाभळी तोडत तोडत ते दुपारी आमच्या फलाटाला पोचले. पोरांनी ओरडून गाव गोळा केलं. मालक घरात पळाले आणि नवं धोतर, फेटा घालून आले. मी त्यांना पळताना तेवढं एकदाच पाहिलं. ट्रॉली पुढे जाणार होती, हे हात पसरून रुळात उभे राहिले. साहेब घाबरला असावा. मग मालकीणबाईंनी पिठलं-भाकरी वाढली, गँगमन पोटभर जेवले, साहेबानं दोनदा ठेचा मागून घेतला. मालक पंखा घेऊन उभे. शेवटी विचारलं, पाशिंजर कवापासून? साहेब माझ्याकडे बघायला लागला. हात धुताना मला बाजूला घेऊन म्हणाला, आम्ही भंगारात किती रूळ निघतील ते मोजायला आलोय, आजोबांना सांगू नका. मी सांगितलं नाही. त्या दिवशी मालकांनी संध्याकाळी पाच चाळीसला पुन्हा पाणी सोडलं. मी ते भरून घेतलं.

मालकांचा थोरला मुलगा वाईट नव्हता. जेसीबी भाड्यानं द्यायचा, दोन लेकरं, दमलेला माणूस. त्याला वकिलानं सांगितलं होतं, की ज्या अटीवर जमीन दिली ती अट मोडली असेल तर वारसाला जमीन परत मागता येते. त्यासाठी मालकांची सही हवी. मालक सही करत नव्हते, कारण सही केली म्हणजे गाडी येणार नाही असं लिहून दिलं. (तो दावा आजही कुठल्याशा कोर्टात तारखांवर आहे, म्हणजे शेवटी सही झाली हे तुम्ही ओळखलंच असेल.) घरात रोज वाद. एकदा मुलगा माझ्यासमोर म्हणाला, "अण्णा, तुमच्या आबांनी गावाचं बघितलं. आमचं कुनी बघायचं?" मला वाटतं, त्या दिवसापासून मालक थकले.

त्याच सुमारास रेल्वेच्या एका तरुण अधिकाऱ्यानं आम्हाला नीट बसवून ऐकून घेतलं. इतक्या वर्षांत खुर्ची देणारा तो पहिला. तो म्हणाला, नुसतं निवेदन चालत नाही, मागणी कागदावर दाखवा, प्रवाशांकडून अर्ज भरून आणा. अर्जाचा नमुना त्यानेच दिला. मालक घरी आले आणि त्यांनी मुलाला शब्द दिला. ह्या अर्जांचं उत्तर येऊ दे. हो आलं तर तू गप बसायचं, न्हाई आलं तर मी सही करनार. मुलानं कबूल केलं. आम्हाला सगळ्यांनाच वाटलं, आता एकदाचं काय ते होईल.

दोन रविवार आम्ही कडुलिंबाखाली टेबल टाकून बसलो. चौदा खोल्या तर आल्याच, पण पलीकडच्या चाळी, कामगार कॉलनी, रस्त्यापलीकडची नवी वस्ती, सगळीकडून माणसं आली. रांग फलाटाच्या टोकापर्यंत गेली. मालक रांगेतून चहा वाटत फिरत होते, प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत होते. अर्जात नाव, पत्ता, आणि तिसरा प्रश्न, आपणांस रेल्वेने कोठे जाण्याची सोय हवी आहे. मी तो मोठ्यानं वाचायचो. माणूस क्षणभर थांबायचा, मग त्याचा चेहरा उजळायचा आणि तो सांगायचा. परतूर. कुर्डुवाडी. उदगीर. मूर्तिजापूर. कामगार कॉलनीतली एक नर्स होती, तिचे आजोबा नागपूरच्या बाजूचे, ती कधी तिकडे गेलेली नव्हती, तिनंही सांगितलं, कामठी लिहा काका. मी लिहीत गेलो. शेवटी माझाही अर्ज मी भरला आणि गंगाखेड लिहिलं. लिहिताना मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

आम्हाला हवी होती ती गाडी इथून मेन लाइनला, आकुर्डी-चिंचवडला, रोज कामाला जायला. हे टेबलावर बसलेल्या मला माहीत होतं, रांगेतल्यांना माहीत होतं, चहा देणाऱ्या मालकांना तर जन्मापासून माहीत होतं. पण आमच्याकडे कामाला माणूस कंपनीच्या बसनं जातो, नाहीतर मोटरसायकलवर जातो. गाडी म्हटलं की पिशव्या, लेकरं, दिवाळी, गाव. कुठे जायचंय असं कुणी आपुलकीनं विचारलं, तर आकुर्डी असं उत्तर कुठला माणूस देईल? टाइम ऑफिसात आयुष्य फॉर्म तपासण्यात गेलं माझं, मी हजेरीतली पाच मिनिटांची चूक पकडायचो. दोन रविवारांत हे माझ्या ध्यानात आलं नाही. मालक रांग बघत होते, कागद त्यांनी बघितलेच नाहीत. गठ्ठा त्यांनी स्वतः सुतळीनं बांधला आणि पाहुण्याला निरोप द्यावा तसा निरोप दिला.

उत्तर यायला सात-आठ महिने लागले. गठ्ठा परत आला होता, वर एक पत्र. प्राप्त अर्जांवरून प्रस्तावित स्थानकासाठी स्थानिक प्रवाशांची मागणी आढळून येत नाही, अर्जदारांनी नमूद केलेल्या गावांसाठी पुणे येथून गाड्या उपलब्ध आहेत, सबब प्रस्ताव दप्तरी दाखल करण्यात येत आहे. मी ओट्यावर बसून ते वाचून दाखवलं. मुलगा सहीचा कागद घेऊन बाजूला उभा होता, पण त्यानं तो पुढे केला नाही. दुपारची वेळ होती, खोल्यांमधून कुकरच्या शिट्ट्या येत होत्या.

मालक म्हणाले, अर्ज वाचा. मी म्हटलं, मालक, राहू द्या आता. ते म्हणाले, वाचा, आमच्या खोल्यांचे वाचा. मी सुतळी सोडली.

मी नाव वाचायला लागलो की ते नंबर सांगायचे. चार नंबर. मी म्हणायचो, परतूर. अकरा नंबर. उदगीर. सहा नंबर आला तेव्हा त्यांनी मला हातानं थांबवलं. सहा नंबरच्या पोरीचं बारसं त्यांच्या अंगणात झालं होतं, पाळणा त्यांच्याच माळ्यावरचा होता. मी म्हटलं, चिपळूण. त्यांनी मान हलवली. असं करत तेरा अर्ज झाले. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले आणि अगदी सावकाश, हिशेब लागल्यासारखं म्हणाले, "आबानं जागा दिली ती गाडी हितं थांबावी म्हनून. ह्यातल्या कुनालाच हितं थांबायचं न्हाई."

मुलगा खाली बघत होता.

"तुमचा ऱ्हायला," ते म्हणाले. "नऊ नंबर."

मी कागद हातात घेतला. माझंच अक्षर. बावीस वर्षं मी त्या माणसाच्या दारात राहिलो, माझी दोन्ही मुलं त्या फलाटावर चालायला शिकली, बायकोच्या आजारपणात त्यांच्या घरून महिनाभर डबा आला. मी कागदाकडे बघत म्हटलं, "आकुर्डी."

त्यांनी हात पुढे केला. मला द्यावा लागला. त्यांना वाचायला येत होतं, पण वेळ लागायचा. ओठ हलवत, बोट फिरवत त्यांनी तो एक शब्द वाचला, गंगाखेड. मला इतकी लाज वाटत होती, की मी ओट्यावरून उठून जायच्या बेतात होतो. त्यांनी कागद गठ्ठ्यावर नीट ठेवला, मुलाकडून तो दुसरा कागद घेतला, माझ्या खिशातलं पेन मागितलं आणि जिथे खूण केली होती तिथे सही केली. पेन पुसून मला परत दिलं.

मग माझ्याकडे बघून, नव्यानं घरी आलेल्या माणसाशी बोलावं तशा आवाजात त्यांनी विचारलं, "मंग, गावाला कवा निघनार?"

बावीस वर्षांत हे त्यांनी मला एकदाही विचारलं नव्हतं.